इडियम्स किती पाठ करू, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. प्रवेश घ्यायला आलेली प्रत्येक दुसरी मुलगी फॉर्म भरता भरता हे विचारतेच, "मॅडम, इडियम्स किती पाठ करावे लागतील? पाचशे पुरतील का?" कुणी मोबाईलवरची पीडीएफ दाखवते, कुणी वहीच काढते. वहीत ए पासून झेडपर्यंत ओळीने वाक्प्रचार उतरवलेले असतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, मधे बरोबरचं चिन्ह.

मी मिरजेत नर्सेसना इंग्रजी शिकवते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल इथे १८९४ सालापासूनचं. आजही आसपासच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून पेशंट इकडे येतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींना इंग्लंडला जायचं असतं. त्यासाठी आयईएलटीएस नाहीतर ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि पाठांतराचं हे खूळ बरंचसं तिथूनच येतं. आयईएलटीएसच्या बोलण्याच्या परीक्षेत सातचा बँड (गुणांची पातळी) हवा असेल तर बोलण्यात 'इडिओमॅटिक' शब्दसंपत्ती दिसावी, असं गुणांच्या निकषांत लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ एवढाच, की त्या भाषेतली माणसं जशी बोलतात तसं सहज बोलता यावं. पण ते वाचून मुलींना वाटतं, दर दोन मिनिटांनी एक वाक्प्रचार पेरला की गुण वाढतात. मग "माझ्या गावाबद्दल सांग" म्हटलं तरी 'वन्स इन अ ब्लू मून' (क्वचित कधीतरी) येतो, आईबद्दल विचारलं तरी 'ॲपल ऑफ माय आय' (फार लाडकं माणूस) येतो. परीक्षकाला ते लगेच कळतं. मराठी शिकलेला एखादा परदेशी माणूस चहा पिता पिता विनाकारण "गंगेत घोडं न्हालं" म्हणाला तर आपल्यालाही कळेलच ना.

पूर्वी मीही याद्याच देत असे. ते का थांबवलं, ते सांगते.

माझी एक विद्यार्थिनी उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात रुजू झाली. पहिलाच महिना. वॉर्डात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, आधाराशिवाय उठता येत नव्हतं. दुपारी त्यांनी हिला हळूच जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "आय नीड टू स्पेंड अ पेनी, लव्ह." हिला शब्द सगळे कळले. पेनी म्हणजे पैसा, स्पेंड म्हणजे खर्च करणं. तिला वाटलं, आजींना खालच्या दुकानातून काहीतरी हवंय. तिने प्रेमाने सांगितलं, की तुमची पर्स लॉकरमध्ये नीट आहे, औषधं वाटून झाली की कुणाला तरी पाठवते. आजी "ओह" म्हणाल्या आणि गप्प बसल्या. अर्ध्या तासाने ही परत आली तेव्हा चादर ओली होती, आणि आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

तिच्याकडे रात्रीचे अकरा, माझ्याकडे पहाटेचे साडेतीन. फोनवर ती बराच वेळ रडतच होती. "मॅडम, त्यांनी मला किती हळू आवाजात सांगितलं होतं," एवढंच परत परत म्हणत होती. तिने पाठ केलेल्या यादीत 'किक द बकेट' होतं, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' होतं. हे नव्हतं. ती यादी मीच दिलेली होती.

'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जाणं. जुन्या पिढीतले ब्रिटिश लोक, त्यातही बायका, अजून असं म्हणतात. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात मोठं प्रदर्शन भरलं होतं, क्रिस्टल पॅलेसमध्ये. तिथे जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या माणसाने लोकांसाठी फ्लशची शौचालयं बसवली आणि आत जायला एक पेनी ठेवली. पुढे देशभर सार्वजनिक शौचालयांच्या दारांना पेनी टाकली की उघडणारी कुलपं आली. १९७१ मध्ये त्यांचं चलन दशमान झालं, जुनी पेनी गेली, बोलण्यातली मात्र राहिली. आपल्याकडेही १९५७ मध्ये आणे गेले, पण अजून एखादी गोष्ट "सोळा आणे खरी" असतेच.

लाजेची गोष्ट आडून सांगायची, ही रीत आपल्याला काय नवी आहे? शाळेत मूल करंगळी वर करतं. बाई मान हलवतात आणि मूल पळत सुटतं. तुझी करंगळी दुखतेय का, असं कुणी विचारत नाही.

त्या फोननंतर मी वर्गात एक उलटा खेळ सुरू केला. समजा, मँचेस्टरची एक नर्स मराठी शिकून मिरजेत ओपीडीत बसली आहे. तिच्यासमोर आपले पेशंट येतात. ते काय काय म्हणतील? सांगा. मुली आधी लाजतात, मग थांबत नाहीत. "सिस्टर, काल कावळा शिवला." "सुनेला दिवस गेलेत." "उठलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात." "हातपायच गळाले." "जीव वरखाली होतोय." "पोटात खड्डा पडलाय." दहा मिनिटांत फळा भरतो. मग मी विचारते, कावळा शिवला म्हटल्यावर ती गोरी नर्स काय करेल? चोच कुठे लागली ते बघेल, टिटॅनसचं इंजेक्शन काढेल. आणि दिवस कुठे गेले, हे तर तिला सात जन्मांत कळायचं नाही. पण यातलं एकही तुम्ही 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत पाठ केलं होतं का? आजी कुणाशी बोलताना, कोणत्या आवाजात, काय म्हणाली, हे कानावर पडत गेलं आणि अंगात मुरलं. तुम्हाला वाक्प्रचार शिकता येतात. एक अख्खी भाषा तुम्ही तशी शिकला आहात.

म्हणून आता आम्ही शरीरापासून सुरुवात करतो, पेशंटच्या तोंडून. प्लास्टर घातलेला माणूस म्हणाला, 'आय हॅव गॉट पिन्स अँड नीडल्स', तर त्याच्या पायाला मुंग्या आल्या आहेत. आपल्याकडे मुंग्या, त्यांच्याकडे टाचण्या आणि सुया. प्लास्टरच्या पेशंटला मुंग्या येणं म्हणजे काय, हे नर्सला मी सांगायची गरज नाही. बोटं बघायला ती ताबडतोब उठली पाहिजे. 'माय नी इज प्लेइंग अप' म्हणजे गुडघा परत त्रास द्यायला लागला. 'ट्रबल विथ माय वॉटरवर्क्स' म्हणजे लघवीची तक्रार. 'ऑन द मेंड' म्हणजे उतार पडतोय. 'राइट ॲज रेन' म्हणजे अगदी ठणठणीत.

'अ बिट अंडर द वेदर'वर मात्र मी अख्खा तास घालवते. वहीत त्याचा अर्थ 'आजारी असणे' एवढाच असतो. पण म्हणणारा माणूस कोण, ते बघा. आपल्याकडच्या आजी छातीत कळ आलेली असतानाही म्हणतात, "काही नाही गं, जरा कसंतरी होतंय." हे तसलं 'जरा' आहे. तिथली जुनी माणसं आपलं दुखणं लहान करून सांगतात. तेव्हा हे ऐकलं की थांबायचं, खुर्ची ओढायची आणि विचारायचं, नक्की कुठे, कधीपासून. ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेतही तुम्ही नर्स असता आणि समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होतो. तिथेही वाक्प्रचार वापरल्याचे वेगळे गुण नाहीत. भाषा त्या प्रसंगाला शोभते का, हे बघतात.

शोभण्याचा हा मुद्दा मला फार जवळचा आहे. जवळजवळ प्रत्येक यादीत 'किक द बकेट = मरणे' असतंच. अर्थ चूक नाही. पण वडील गेलेल्या मुलाला तुम्ही मराठीत "तुमचे वडील कधी गचकले?" असं विचाराल का? तिथे वारले, गेले, देवाघरी गेले, हेच शब्द लागतात. इंग्रजीत तिथे 'पास्ड अवे' लागतं. आणि त्या एका शब्दाचीही फार काळजी घ्यावी लागते. वर्गात सरावाच्या वेळी एका मुलीने, वडील दोन मिनिटं बेशुद्ध पडले होते हे सांगताना, 'पास्ड आउट'च्या जागी 'पास्ड अवे' म्हटलं. वर्ग एकदम शांत झाला. वॉर्डातून अशी बातमी फोनवर ऐकणारी, त्या टोकाला उभी असलेली पेशंटची मुलगी प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर आली असणार. ते दोन शब्द आता आम्ही रोज, हजेरीसारखे म्हणतो.

जाण्याचाच आणखी एक वाक्प्रचार मी आवर्जून शिकवते, कारण तो तिथल्या वॉर्डात नातेवाइकांच्या तोंडी येतो. नव्वदीचे आजोबा गेले, की मुलगा उशाशी उभा राहून म्हणतो, 'ही हॅड अ गुड इनिंग्ज.' क्रिकेटमधला शब्द. डाव चांगला खेळले. आपल्या मुलींना क्रिकेट कळतं, त्यामुळे हे चित्र चटकन बसतं, आणि एकदा बसलं की पुसत नाही. पण तो म्हणायचा हक्क घरच्यांचा. नर्सने ऐकावं, मान हलवावी, आपणहून म्हणू नये. "सोनं झालं" हे आपणही घरच्या माणसाच्या तोंडून ऐकतो, परक्याने म्हटलेलं खपत नाही.

मागची गोष्ट माहीत असली की वाक्प्रचार लक्षात राहतो, हे खरं. पानिपत झालं म्हणजे काय, हे १७६१ माहीत असलेल्या मराठी मुलाला समजावावं लागत नाही. इंग्रजाला तसंच १८१५ चं वॉटर्लू, नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला ते. 'टर्न अ ब्लाइंड आय' शिकवताना मी नेल्सन या ब्रिटिश नौदल सेनानीची गोष्ट सांगते. १८०१ ची कोपनहेगनची लढाई, वरिष्ठाने माघारीची निशाणी दाखवलेली, आणि नेल्सनने दुर्बीण लावली ती दृष्टी गेलेल्या डोळ्याला. आपला काणाडोळा पटकन आठवतो. पण इंटरनेटवरच्या सगळ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. कुत्री-मांजरं म्हणे गवताच्या छपरात झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची, म्हणून मुसळधार पावसाला 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. ही रचलेली गोष्ट आहे. त्याचं खरं मूळ कुणाला पक्कं सापडलेलं नाही. शिवाय माझ्या तिकडच्या मुली सांगतात, की तो वाक्प्रचार कुणाच्या तोंडी फारसा ऐकूच येत नाही. धो धो पावसाला 'इट्स चकिंग इट डाउन' ऐकू येतं. वर्षानुवर्षं आपण पहिल्या नंबरला जो पाठ करून घेतला, तोच तिथे कोपऱ्यात पडलेला.

मराठीतून शब्दाला शब्द लावणं तेवढं टाळा. 'पुलिंग माय लेग' म्हणजे फिरकी घेणं, थट्टा. आपलं पाय ओढणं म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणं. सोबतची इंग्रज नर्स हसत हसत 'आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग' म्हणाली आणि तुम्ही मनात अढी धरून बसलात, तर एक चांगली मैत्रीण हातची जाईल.

तर तुमचा प्रश्न. पाचशे नको. जाण्याआधी पन्नास-साठ कानाने ओळखता आले आणि त्यातले आठ-दहा तोंडात रुळले, तरी मला पुष्कळ वाटतं. बोलताना साधं बोला. 'डू यू नीड द टॉयलेट' हे कुठल्याही आजीला कळतं. ऐकताना मात्र कान उघडे ठेवा, आणि अडलं तर विचारा, 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' त्यात कमीपणा नाही. त्या दिवशी एवढं एक वाक्य विचारलं असतं तर आजींनी खुणेने तरी सांगितलं असतं. वही ठेवायचीच असेल तर ते बरोबरचं चिन्ह काढून टाका. पूर्ण वाक्य लिहा, आणि शेजारी लिहा: कोण म्हणालं, कुणाला, कोणत्या सुरात.

ती मुलगी अजून तिथेच आहे, आता तिसरं वर्ष. परवा तिने तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वाक्य होतं, 'आय कुड मर्डर अ कप ऑफ टी.' खाली मराठीत लिहिलं होतं: "८४ वर्षांचे आजोबा. दुपारी चार. बाहेर पाऊस. खिडकीकडे बघत, हसत म्हणाले. अर्थ माहीत नव्हता. आधी चहा दिला, मग विचारलं. चहाच हवा होता, फार हवा होता."