‘ओ’ देणारी आडनावं

डब्लिनहून निघालेली गाडी अडीच तासांत गॉलवेला पोचली आणि फलाटावरच माझी फजिती झाली. पाटीवरचं स्टेशनचं नाव मी ‘सिअँट’ असं मोठ्यानं वाचलं. शेजारच्या आजोबांनी हसून दुरुस्ती केली, “क्यांट.” एडवर्ड केंट याच गॉलवे परगण्यात जन्मला. पुढे आयरिश भाषेच्या चळवळीत पडला, नाव बदलून एमन क्यांट झाला आणि १९१६च्या उठावाबद्दल इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. स्टेशनला नाव आहे ते त्यानं स्वतः निवडलेलं, शाळेच्या हजेरीपटातलं नव्हे.

तिथून पुढचे चार दिवस मी पाट्याच वाचत सुटलो.

आयरिश आडनावाची किल्ली तशी सोपी. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, ‘ओ’ म्हणजे नातू, पर्यायानं वंशज. ओब्रायन म्हणजे १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज. देशातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव मर्फी. ते मूळचं ‘ओ मुर्खू’, आणि त्यातल्या पूर्वजाच्या नावाचा अर्थ समुद्रावरचा योद्धा. आमच्या लहानपणी मर्फी म्हणजे रेडिओ! बर्न हे आडनाव डोमकावळ्यावरून आलंय, तर डॉइल म्हणजे ‘काळा परका’. हे परके बहुधा डेन्मार्ककडून आलेले व्हायकिंग.

गॉलवेच्या मुख्य रस्त्यावर लिंच घराण्याचा दगडी वाडा आहे. वर कोरीव कुलचिन्हं, खाली बँक. मध्ययुगात हे शहर चौदा व्यापारी घराण्यांच्या मुठीत होतं. बहुतेक बाहेरून आलेल्या नॉर्मन वंशाची, त्यामुळे गावाबाहेरच्या गेलिक, म्हणजे मूळ आयरिश लोकांचा त्यांना भारी तिटकारा. १५१८ साली त्यांनी फर्मानच काढलं की कुठल्याही ‘ओ’नं किंवा ‘मॅक’नं गॉलवेच्या रस्त्यांवरून मिरवायचं नाही. गंमत म्हणजे चौदातली कर्वन आणि डार्सी ही दोन घराणी स्वतःच गेलिक, मूळची ‘ओ’वाली. दोन्ही नावांच्या मुळाशी काळा-सावळा रंग. फर्मानावर सही करताना त्यांच्या मनात काय आलं असेल?

डब्लिनच्या आसपास तर १४६५ मध्ये कायदाच झाला होता. आयरिश माणसानं इंग्रजी आडनाव घ्यावं, गावाचं, रंगाचं, धंद्याचं, काहीही चालेल. ‘मॅक गावन’ म्हणजे लोहाराचा मुलगा. कॅव्हन परगण्यात यातले कितीतरी जण काळाच्या ओघात सरळ ‘स्मिथ’ झाले. पुढे इंग्रजी अंमल घट्ट झाल्यावर लोकांच्या आडनावातले ‘ओ’ आणि ‘मॅक’ आपसूक गळाले. १८९३ साली आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संघटना निघाली आणि मग हळूहळू काहींनी ते परत लावले. सुलिव्हनचा पुन्हा ओसुलिव्हन झाला. दोन-तीनशे वर्षांनी कुणी हाक मारावी आणि नावानं ‘ओ’ द्यावी, तसं.

तिसऱ्या दिवशी बसनं समुद्रकाठच्या स्पिडलला गेलो. तिथे रोजच्या बोलण्यात अजून आयरिश ऐकू येते. दफनभूमीत एका थडग्यावर नवऱ्याचं आडनाव ‘ओ’नं सुरू होत होतं, बायकोचं ‘नी’नं. मला वाटलं, कोरणाऱ्याची चूक. तसं नव्हतं. ‘नी’ म्हणजे अमक्याच्या वंशातली लेक, आणि लेक लग्नानंतरही माहेरचं नाव ठेवू शकते. सासरचं घेतलं तर तिथे ‘उई’ येतं. म्हणजे एकाच घरात एकाच आडनावाची तीन रूपं. आपल्याकडे जोशांची जोशीण व्हायची, तिला लेक-सून हा भेद नव्हता.

याच किनाऱ्यावर कनीली आडनावाची माणसं पुष्कळ. लोककथेत त्यांचे पूर्वज सील मासे आहेत (मासे म्हणायचं आपलं, सील सस्तन प्राणी), म्हणून कनीलीनं सील मारायचा नाही. मला थेट आपलं देवक आठवलं.

मुक्कामाच्या घरमालकीणबाई वॉल्श. वॉल्श म्हणजे वेल्स भागातून आलेला. बाराव्या शतकात नॉर्मनांबरोबर असे बरेच जण इथे आले. “आठशे वर्षं झाली, तरी आम्ही आपले पाहुणेच,” म्हणत त्यांनी माझ्यापुढे सोडा ब्रेड सरकवला. मग विचारलं, “आमच्या लिओच्या आडनावाचा अर्थ काय हो?”

लिओ वराडकर, २०१७ साली त्यांचे पंतप्रधान झालेले. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. मी सांगितलं, “वराड गावचे ते वराडकर. आमच्याकडे निम्मी आडनावं अशीच.”

“म्हणजे नुसतं गाव? बापाचं, आजोबाचं नाव कुठेच नाही?”

“बापाचं असतं ना. स्वतःचं नाव आणि आडनाव यांच्या मधोमध.”

बाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. “अस्सं! तुमचा मॅक मध्ये बसतो होय?”