मुलाचा ताबा आणि दिवाळीची सुट्टी

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचे ठरवून येणारी जोडपी पोटगीचा आकडा, फ्लॅट आणि स्त्रीधन यांचा बारीकसारीक हिशेब करून आलेली असतात. मुलाचा विषय निघाला की मात्र ‘ताबा आईकडे, वडील सोयीने भेटतील’ एवढ्यावर दोघेही थांबतात. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना माझे मत असे झाले आहे, की नंतरची बरीचशी भांडणे याच मोघम ओळीतून निघतात.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ६ नुसार पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते. त्यावरून पाच वर्षे पूर्ण झाली की मूल आपोआप वडिलांकडे जाते, असा समज चांगल्या शिकलेल्या नातेवाइकांतही आढळतो, आणि तो साफ चुकीचा आहे, कारण कलम १३ प्रमाणे मुलाचे हित हाच सर्वोच्च निकष असतो. त्याच कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्या ‘नंतर’ आई असा क्रम आहे. गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली या ‘नंतर’चा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा लावला. इतर धर्मीयांसाठी त्यांचे वैयक्तिक कायदे आणि १८९० चा पालक व पाल्य अधिनियम पाहावा लागतो. मूल एकाकडे राहिले म्हणून दुसऱ्याचे पालकत्व संपत नाही, हे मात्र दोन्ही घरांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

म्हणून संमतीच्या अटी लिहिताना मी अशील कंटाळेल इतके प्रश्न विचारते. ‘महिन्यातून दोनदा’ असे न लिहिता ‘दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५’ असे लिहावे; मुलाला आणायचे कोणी आणि परत सोडायचे कोणी, त्या शनिवारी शाळेचे स्नेहसंमेलन किंवा मुलाला ताप आला तर बदली दिवस कोणता, हेही ठरवावे. मे महिन्याच्या सुट्टीचे दोन भाग सहज पडतात, पण दिवाळीचे पडत नाहीत, कारण लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज दोन्ही आजी-आजोबांना आपल्याच घरी हवी असते. तिथे एक वर्ष आड अशी पाळी लावलेली बरी. शाळेच्या अर्जांवर सही कोणाची, पासपोर्ट कोणाकडे, शस्त्रक्रियेची वेळ आली तर निर्णय कोणाचा, हे आधीच लिहून ठेवावे. दूर राहणाऱ्या पालकाशी फोन आणि व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा मुलाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात स्पष्टपणे मान्य केला आहे. त्याची वेळही अटींत घालावी, आणि ती शक्यतो अभ्यासाच्या वेळेत नसावी.

पोटगी थकली म्हणून भेट अडवणे आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवणे, या दोन्ही गोष्टी न्यायालयाला रुचत नाहीत. वसुलीसाठी आणि भेटीच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र अर्ज करता येतात, आणि तेच करावे.

या अटी कायमच्या नसतात. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली मुलांविषयीचे आदेश घटस्फोटानंतरही बदलून घेता येतात. वडिलांची बदली नागपूरला झाली, तर पुण्यातले दोन शनिवार सोडून मेच्या सुट्टीतले सलग तीन आठवडे मागता येतात, आणि दोघांचे एकमत असेल तर त्यासाठी संयुक्त अर्ज पुरतो.