एक ओली पट्टी

पाकीट उघडलं तर पट्टीवर हिरवट बुरशी. मस्कऑक्सच्या, म्हणजे आर्क्टिकमधल्या दाट केसांच्या बैलासारख्या जनावराच्या, रक्ताचा एक नमुना गेला.

चूक अगदी साधी. उत्तर कॅनडातल्या व्हिक्टोरिया बेटावर इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, शिकारी जनावर सोलतानाच नमुने घेतात. वय कळायला दातांसकट खालचा जबडा, मागच्या पायाचं नळीचं हाड, केसांसकट कातड्याचा तुकडा, मूठभर लेंड्या. आणि फिल्टर पेपरच्या पट्ट्या. पट्टीचं अरुंद टोक रक्तात धरायचं, पूर्ण लाल झालं की बाहेर. जेमतेम ०.१ मिली रक्त शोषतं ते. मग पट्ट्या एकमेकींना चिकटू न देता रात्रभर घरात वाळवायच्या, वाळल्यावरच कागदी पाकिटात. कडाक्याच्या थंडीत हातमोजे काढून काम करणाऱ्याने घाईत ओल्याच प्लॅस्टिकमध्ये कोंबल्या, तर त्याला काय बोलणार?

नीट वाळलेली पट्टी मात्र भारी चीज. बर्फपेटी नसतानाही तिच्यातून ब्रुसेला या रोगकारक जिवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचा माग लागतो. लेंड्यांतून फुप्फुसातल्या कृमींच्या अळ्या मोजतात. हाडातल्या मज्जेत चरबी किती उरली, त्यावरून जनावराची उपासमार कळते.

हा माग का ठेवायचा? २०१० ते २०१२ दरम्यान याच बेटावर आणि शेजारच्या बँक्स बेटावर एरिसिपेलोथ्रिक्स या जिवाणूने मस्कऑक्स मोठ्या संख्येने मेले.

बुरशीपेक्षा नमुन्यांसोबत भरायचा फॉर्म जास्त खुपला. तळाशी शेऱ्याला एकच ओळ. पाठीवर चरबी किती बोटं होती, कळप पळताना कोण मागे पडलं, यंदा पिल्लं कमी का, हे त्या ओळीत लिहायचं कसं?