तुम्ही विचारलंत म्हणून: कधी काही दिसलं का?

म्हापशाच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, नोव्हेंबरात पणजीला इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या रांगेत, प्रश्न एकच येतो. मी भयपटांसाठी काम करते असं कळलं की समोरचा माणूस जरा जवळ सरकतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "रात्र-रात्र त्या जुन्या घरांत असता तुम्ही. खरं सांगा, कधी काही दिसलं का?"

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. टेक चालू असतो तेव्हा मी एखाद्या कोपऱ्यात, बहुतेक वेळा डोळे मिटून, कानांना हेडफोन लावून बसलेली असते. दिसण्याचं मला फारसं सांगता येणार नाही. ऐकू काय आलं ते मात्र सांगते, आणि त्यासाठी एकाच घराची गोष्ट सांगते. वाळपईपासून आत, सत्तरीतल्या एका गावातलं ते घर. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर नळे (कौलं), मध्ये राजांगण, म्हणजे आतलं अंगण, मागच्या बाजूला कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग. ऑगस्टचा महिना, 18 माणसं, 22 रात्री. पैसे इतके थोडे की प्रत्येकाकडे दोन-दोन, तीन-तीन कामं. आमचा वेशभूषाकार क्लॅप द्यायचा, दिग्दर्शक स्वतःच्या गाडीतून तांदूळ आणि मासे आणायचा.

गोव्यात शूटिंग करायचं तर ईएसजीची, म्हणजे एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाची, परवानगी लागते, पंचायतीची लागते. अशा गावात तिसरी एक परवानगी असते, ती राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची. पहिल्या संध्याकाळी गावच्या मानकऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. ही मुलं सोंग आणायला आली आहेत, चुकलं-माकलं पदरात घे, रात्री-बेरात्री त्यांची पाठराखण कर. प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. त्यात सासष्टीहून आलेला आमचा लाइटवाला होता, जो दर रविवारी न चुकता मिसाला जातो, आणि मुंबईहून आलेला फोकस पुलर होता, ज्याला गाऱ्हाणं म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. मी ते रेकॉर्ड केलं. पुढे दिग्दर्शकाने ते चित्रपटात वापरू या का म्हणून विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. ते गाऱ्हाणं आमच्यासाठी घातलेलं होतं. प्रेक्षकांना घाबरवायला ते वापरणं मला बरोबर वाटलं नाही, आणि त्यालाही ते पटलं.

आमचं भूत म्हणजे आल्वांतीण, बाळंतपणात गेलेली बाई. संहितेत तिला पांढरी साडी होती, जशी सगळीकडे असते. चौथ्या दिवशी घरच्या आजी वेशभूषाकाराला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "बाळंतिणीला पांढरं कोण नेसवतं रे बाबा? ती सवाष्ण गेली ना?" तो गप्प झाला. सवाष्ण गेली की तिला हिरवं लुगडं नेसवतात, मळवट भरतात, हातात हिरवा चुडा असतो. आजींच्या सख्ख्या चुलतीला त्यांनी लहानपणी तसंच जाताना पाहिलं होतं. त्या हे सांगत असताना आम्ही चार-पाच जण चुलीभोवती उभे होतो आणि मला जाणवलं, ज्या बाईला आम्ही इतके दिवस 'भूत' म्हणत होतो ती या घरात कुणाची तरी काकी होती. औषध-डॉक्टर वेळेवर न पोचल्याने गेलेली एक तरुण बाई. दुसऱ्या दिवशी आल्वांतीण हिरव्या साडीत आली. अंधारातून आधी हळद-कुंकवाचा मळवट दिसतो आणि मग ती. चित्रपट बघून आलेले लोक मला याच प्रतिमेबद्दल विचारतात, आणि ती आमच्यापैकी कुणालाच सुचलेली नव्हती. श्रेयनामावलीत 'वेशभूषा' या शब्दाखाली आजींचंही नाव आहे. दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत शूटिंग थांबवायचं, एवढीच त्यांची अट होती, आणि आम्ही ती एकही दिवस मोडली नाही.

आल्वांतीण झाला होता पेडण्याचा एक दशावतारी. आयुष्यभर स्त्रीपार्ट केलेला, स्वतःचं तोंड स्वतः रंगवणारा माणूस. देवळासमोर पहाटेपर्यंत खेळ करायची सवय असल्यामुळे रात्रपाळीचं त्याला काहीच वाटत नसे. माझ्या दृष्टीने त्याची खासियत त्याच्या पायांत होती. जुन्या लाकडी जिन्यावर आमच्यातला कुणीही चढला की पायऱ्या करकरत. हा चढला की माझ्या हेडफोनमध्ये काही येत नसे. लुगड्याची सळसळसुद्धा नाही. मी दोनदा माइक तपासला. शेवटी त्याला विचारलं तर म्हणाला, पायरीच्या मधोमध पाय देऊ नये, भिंतीलगत द्यावा, आणि आधी बोटं, मग टाच.

पण हात त्याचे रुंद, शेतात राबलेले. आणि आमच्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रसंगात खाटेखालून एक हात येतो आणि नायिकेचा घोटा धरतो. तो हात मेकअप करणाऱ्या मुलीने दिला. ती डिचोलीची. लग्नसराईत नवऱ्या सजवते, पावसाळ्यात लग्नं नसतात तेव्हा आमच्यासारख्यांकडे येते. तिने आधी तासभर बसून स्वतःचाच हात रंगवला, हळद लावली, नखं चढवली, हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. मग ती खाटेखाली शिरली. बांगड्या माझ्यासाठी मोठी अडचण होत्या, कारण त्याच क्षणी नायिका कुजबुजत असते आणि काचेचा किणकिणाट तिच्या शब्दांवर येत होता. आम्ही बांगड्या एकमेकींना दोऱ्याने घट्ट बांधल्या. नंतर दोरा काढून एकच बांगडी वाजल्याचा आवाज वेगळा घेतला. चित्रपटात ऐकू येते ती तीच एक बांगडी.

या प्रसंगात नायिका आधी अगदी हळू बोलते आणि मग किंचाळते. पूर्वी अशा वेळी मी एकच आवाज दोन ट्रॅकवर घ्यायची, दुसरा बराच खाली ठेवून, म्हणजे किंचाळी फाटली तर तो हाताशी असे. आता मोठा आवाजही न फाटता टिपणारे 32-बिट फ्लोट रेकॉर्डर आल्यामुळे ती धास्ती बरीच कमी झाली आहे. गळ्याचं मात्र काही यंत्र आलेलं नाही. आमची नायिका दिवसा अंगणवाडीत मुलांना शिकवते, तिचा आवाज म्हणजे तिची भाकरी. म्हणून खऱ्या किंचाळीचे तीनच टेक, त्यापुढे नाही, असं आधीच ठरलं होतं. लोक म्हणतात, मग डबिंगमध्ये का नाही घेत? घेऊन बघितलंय. बंद खोलीत, काचेपलीकडे बसलेल्या माणसाकडे पाहून मारलेली किंचाळी गळ्यातून येते. पोटातून येत नाही.

नायिकेच्या पोलक्याखाली माझा लेपल, म्हणजे कपड्यात लपवायचा छोटा माइक, होता. टेक संपला की मी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली आणते. तो माझा नियम आहे, कारण माइक लावलेला माणूस थोड्या वेळाने माइक विसरतो आणि त्याचं खाजगी बोलणं ऐकायचा मला हक्क नाही. पण टेकच्या आधी लेव्हल बघायला मला ऐकावंच लागतं. त्या रात्री, दिग्दर्शक 'साउंड' म्हणायच्या आधीच्या त्या दहा-पंधरा सेकंदांत, मला तिचा श्वास ऐकू आला. आखूड, अडकणारा. ती भूमिकेत नव्हती, ती स्वतः घाबरली होती. तीन टेक आहेत, 18 माणसं थांबली आहेत, नाही जमलं तर काय, ही ती भीती. मग खाली चटई हलल्याचा आवाज आला आणि खाटेखालून कुजबुज आली, "हांव आसां गो." मी इथं आहे. आणि घोट्यावर दोनदा दाबल्याचा अगदी बारीक आवाज. श्वास लांब झाला. तिसऱ्या टेकला ती जी किंचाळली, ती तशीच चित्रपटात आहे.

पणजीत खेळ झाला तेव्हा तो हात दिसताच माझ्या पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याच्या अंगावर पडली. मला त्या हातात दोनदा दाबलेला घोटाच ऐकू येत राहिला.

आमचं हे काही जगावेगळं नाही. 1968 साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपास 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' असाच झाला. दहा जणांनी 600-600 डॉलर घालून सुरुवात केली, सगळा मिळून खर्च साधारण 1,14,000 डॉलर. निर्मात्यांपैकी एक, रसेल स्ट्रायनर, पडद्यावर नायिकेचा भाऊ झाला. मेरिलिन ईस्टमनने मेकअपही सांभाळला आणि तळघरातल्या आईची भूमिकाही केली. मग प्रदर्शनाच्या वेळी नाव बदललं, नव्या शीर्षकावर हक्काची ओळ घालायची राहिली आणि चित्रपट सगळ्यांच्या मालकीचा झाला. ज्यांनी तो घडवला त्यांच्या हाती त्या कमाईतलं फार थोडं लागलं. मला हे वाचून अजून वाईट वाटतं. म्हणून आम्ही पहिल्याच बैठकीत कागद केला. कोणाचा किती वाटा, ते स्वयंपाक करणाऱ्या मावशींसकट सगळ्यांचं त्यात लिहिलेलं आहे.

लाइटवाल्याबद्दल सांगायला हवं. चिऱ्याची भिंत उजेड पिऊन टाकते. पांढऱ्या भिंतीच्या खोलीत जो एक दिवा पुरतो तिथं चिऱ्याला दोन लागतात, आणि भयपटात तर उजेड दिसताही कामा नये. तो काळ्या कापडाचे कटर लावून उजेड इतका कापायचा की शेवटी एक गाल आणि दाराची कडी एवढंच उरे. पहिल्या रात्री त्याने मला येऊन विचारलं, "बाय, जनरेटर खंय दवरूं?" कुठं ठेवू? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला आधी विचारणारा लाइटवाला विरळा. त्याने तो पार कुळागराच्या टोकाला नेला. एवढी लांब केबल त्याने आणि त्याच्या दोन पोरांनी पावसात, जळवांतून ओढत आणली, माझ्या आवाजात घरघर येऊ नये म्हणून. भिजलेली नायिका दिव्याजवळून जाणार असली की अर्थिंग स्वतः तपासल्याशिवाय तो कुणाला 'रोल' म्हणू देत नसे. दिग्दर्शक चिडला तरी.

आणि कुळागराची राखण करणारे मामा. रातकिडे आणि बेडूक यांनी मी हैराण झाले होते. मामा म्हणाले, रातकिडे गप्प झाले की समजायचं कुणीतरी चालतंय. कुळागरात वाढलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मी ते दिग्दर्शकाला सांगितलं आणि शेवटच्या भागातलं सगळं संगीत त्याने काढून टाकलं. तिथं फक्त रातकिडे आहेत. ते थांबतात. बस.

उरलेले आवाज फोंड्याला आमच्या घरी झाले. हाडं मोडल्याचा आवाज केळीच्या गाभ्याचा. भिंतीवर नखं ओढल्याचा आवाज म्हणजे माझी आई आदोळीवर नारळ किसते आहे, तो संथ केलेला. त्यासाठी तिने तीन नारळ किसले, आणि किसलेलं सगळं त्या दिवशी हुमणात, माशांच्या कालवणात, गेलं.

आता भीतीचं विचारलंच आहे, तर मला भीती कशाची वाटते तेही सांगते. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका चित्रपटावर होते. तिथं अठरा-अठरा तास काम चालायचं आणि पहाटे सगळ्यांना व्हॅनमध्ये घालून परत नेत. एका पहाटे चालकाला डुलकी लागली आणि व्हॅन शेतात गेली. भात उभं होतं, चिखल मऊ होता, कुणाला फार लागलं नाही. पण व्हॅन कलंडत असताना कुणीच ओरडलं नाही. सगळे इतके थकले होते की ओरडायचंही राहून गेलं. ती शांतता मी कुठल्याच चित्रपटात ऐकलेली नाही आणि पुन्हा ऐकायची इच्छाही नाही. तेव्हापासून मी काम घेताना पहिला प्रश्न हाच विचारते, रात्रपाळीनंतर झोपायची सोय कुठं आहे. सत्तरीच्या त्या घरात आम्ही माजघरात रांगेने चटया टाकून झोपत होतो. सकाळी गाडीला हात लावायचा नाही.

शेवटची रात्र. प्रत्येक जागेचं काम संपलं की मला रूम टोन लागतो, म्हणजे त्या खोलीची नुसती शांतता, तीसेक सेकंद. संकलनात दोन वाक्यांच्या मधली फट त्याने भरतात. त्या वेळी कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, कुणी कुठं जायचं नाही. मी हात वर केला आणि सगळे होते तिथं थांबले. दशावतारी अर्धा मळवट पुसलेला, तेलाचा बोळा हातात धरून. मेकअपवाली खाटेच्या कडेला. लाइटवाला शिडीवर. मावशी दारात, हातात डाव. आजी खुर्चीत. पाऊस नुकताच थांबला होता, नळ्यांवरून थेंब पडत होते.

मी हेडफोन दाबून धरले. 18 माणसांचे आणि आजी-मावशींचे श्वास, प्रत्येकाचा वेगळा, आणि त्यांखाली घर. पंचविसाव्या सेकंदाला दूर वळणावर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला. कुणी हललं नाही. मी तिसापर्यंत मोजलं आणि हात खाली केला.