अनुस्वार नीट दिसला पाहिजे

मुद्रितशोधनाचं काम मी घरून करते. हल्ली प्रुफं पीडीएफमध्येच येतात आणि खुणाही पडद्यावरच करायच्या असतात. त्यामुळे लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडायचं ठरवलं, तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती: पूर्ण पान समोर असताना 'त्याचा' आणि 'त्यांचा', 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक डोळे न ताणता कळला पाहिजे.

दुकानात सगळे इंच विचारतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका इंचात किती पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे बारीक ठिपके, बसतात. १९२० × १०८० चा २४ इंची पडदा असेल तर इंचाला साधारण ९२ पिक्सेल मिळतात. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले की ८२ उरतात, म्हणजे जास्त पैसे देऊन अक्षर भरड होतं. इंग्रजीचं त्यात भागतं. पण 'मूर्तींना' लिहून बघा. वेलांटी, रफार आणि अनुस्वार शिरोरेघेच्या वर एकाच जागी दाटतात, आणि ८२ पिक्सेलांत त्यांचा एक काळा ठिपका होतो. म्हणून मी २७ इंची फोर-के, म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेलांचा, घेतला. त्यात इंचाला १६३ पिक्सेल आहेत.

जोडल्यावर अक्षर सुरेख दिसलं, पण माउसचा बाण अडखळत सरकत होता. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट पाहिला तर ३० हर्ट्झ. मॉनिटर निर्दोष होता; माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट १.४ प्रकारचं आहे आणि फोर-के चित्र ते सेकंदाला तीस वेळाच पाठवू शकतं. साठ हवे असतील तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट ही दुसऱ्या प्रकारची जोडणी लागते. सुदैवाने लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल निघतो. सगळ्या यूएसबी-सी पोर्टांतून तो निघत नाही, तेव्हा आधी आपल्या मॉडेलची माहिती वाचा. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह असेल तर निश्चिंत राहा. आणि मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली केबल यासाठी वापरू नका. तसल्या बहुतेक केबलींतून चार्जिंग होतं, चित्र जात नाही, आणि मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणत राहतो.

यूएसबी-सीतून साठ हर्ट्झ मिळाले. माझ्यासारखंच काम करणारी एक मैत्रीण टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरते. तिची तक्रार वेगळी होती: काळा मजकूर ठीक, पण लाल खुणा फिसकटलेल्या. मला हा दोष सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आमचं निम्मं काम लाल रंगात असतं. टीव्हीकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये कधीकधी उजेडाची माहिती पूर्ण असते आणि रंगाची कमी केलेली असते. सिनेमात ते जाणवत नाही. पांढऱ्यावर लाल बारीक अक्षर आलं की लगेच उघडं पडतं. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी किंवा ४:४:४ (या दोन्हींत रंगाची माहिती कापली जात नाही) करायचा आणि टीव्हीत त्या इनपुटला 'पीसी' मोड द्यायचा. तिच्या लाल खुणा तेवढ्याने स्वच्छ झाल्या.

अक्षर फार बारीक वाटलं म्हणून रिझोल्यूशन कमी करू नका. ते ३८४० × २१६० च ठेवा आणि स्केलिंग १५० टक्के करा. अक्षर मोठं होतं आणि रेघ धारदार राहते. मॉनिटरच्या मेनूतली 'शार्पनेस' वाढवण्याचा मोहही टाळा. अक्षरांभोवती पांढरी कड येते आणि तासाभराने डोळे चुरचुरायला लागतात. ब्राइटनेससाठी मी पडद्याशेजारी कोरा कागद धरते आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत कमी करत जाते.

हिवाळ्यात खुर्चीवरून उठलं की पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल, तर वायरिंग उकरण्याआधी खुर्चीकडे बघा. गॅसच्या दांड्यावर वरखाली होणाऱ्या खुर्च्यांमध्ये स्थिर वीज साठते, उठताना तिचा झटका बसतो आणि केबल तो पकडते. जाड शिल्डची (आतल्या धातूच्या आवरणाची), गरजेपुरतीच लांब केबल घातली की हा त्रास बहुधा थांबतो.

शेवटी मी मॉनिटर उभा केला. स्टँड फिरणारा असेल तर हे जरूर करा. नसेल तर पाठीमागे १०० × १०० मिमी अंतरावरची चार भोकं आहेत का बघा, त्यांवर वेगळा आर्म बसतो. उभ्या पडद्याची उंची साठ सेंटीमीटरच्या आसपास होते, त्यामुळे डेमी आकाराची (साधारण साडेपाच × साडेआठ इंचांची) दोन पानं मूळ मापात एकाखाली एक मावतात. विंडोजमध्ये दिशा 'पोर्ट्रेट' केल्यावर अक्षरांच्या कडांना किंचित रंग दिसू शकतो. स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' ही अक्षरं रेखीव दाखवणारी सोय शोधून तिची जुळणी पुन्हा करून घ्या, आणि नमुना वाचताना इंग्रजी वाक्यांवर थांबू नका; शेजारी एखादं मराठी पान उघडून त्यातला 'मूर्तींना' तपासा.