‘बारोमास’ अर्ध्यावर का सोडलीस?

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की एकदा नीट लिहून टाकलेले बरे. वर्गातल्या मैत्रिणींनी विचारला, वसतिगृहात विचारला गेला, दिवाळीला गावी गेले तेव्हा मामांनीही विचारला. घर कापूसवाल्यांचे, गाव अमरावती जिल्ह्यातले, एम.ए.ला विषय मराठी. अशा मुलीने सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही शेतकरी घराची कादंबरी अर्ध्यावर सोडावी आणि विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ मात्र तीनदा वाचावे, हे कसे? प्रश्नाच्या पोटातला आरोप मला कळतो. आपल्या माणसांकडे पाठ फिरवून मी परक्यांच्या दुःखात रमते, असे विचारणाऱ्याला म्हणायचे असते.

पूर्वी माझे उत्तर ठरलेले होते. वाचकाला स्वतःचेच घर पुस्तकात पुन्हा बघायचे नसते, त्याला दुसऱ्याच्या घरात डोकवायचे असते, असे मी तावातावाने सांगत असे. त्या उत्तरामागचा राग अजून गेलेला नाही. पुण्यात आल्यापासून ज्यांनी ज्यांनी मला पुस्तक सुचवले, त्यांनी आधी माझे गाव विचारले. गाव कळले की ‘धग’ पुढे येते, ‘बारोमास’ पुढे येते. कोथरूडमध्ये वाढलेल्या माझ्या मैत्रिणीला कोणी पत्ता विचारून कादंबरी दिल्याचे मला आठवत नाही. ‘धग’ मी वाचली, उद्धव शेळक्यांच्या वऱ्हाडीने हरखून गेले, कौतिकचे बोलणे फोनवर आईला वाचून दाखवले. पण ती मला हवी होती म्हणून वाचली. माझ्या गावामुळे माझ्यावर एखादे पुस्तक वाचण्याचे कर्ज चढते, हे मला मान्य नव्हते आणि आजही नाही.

आता वर्गातल्या त्या दिवसाबद्दल. ग्रामीण कादंबरीवर प्रत्येकाने वीस मिनिटे बोलायचे होते. पुस्तके वाटताना प्राध्यापकांनी ‘बारोमास’ माझ्याकडे दिली आणि म्हणाले, “ही तर तुझीच.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी तेव्हाही जाणत होते. मी टिपणे काढली होती. 2002 सालची कादंबरी, 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार, एम.ए., बी.एड. होऊनही नोकरीसाठी शिक्षणसंस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतीतच राहिलेला एकनाथ, त्या घरात जीव न रमणारी त्याची बायको अलका. निम्मेच पुस्तक वाचून झाले होते, पण वीस मिनिटांना तेवढे पुरेल असे मला वाटले होते. पाच-सात मिनिटे बोलले असेन, तेवढ्यात प्राध्यापकांनी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाले, “हे समीक्षेतले राहू दे. तुमच्या घरी हे रोजचेच असेल ना? ते सांग वर्गाला.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. ज्यांनी वह्या मिटल्या होत्या त्यांनी पुन्हा उघडल्या. त्या उघडलेल्या वह्या मला आजही विसरता येत नाहीत.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे 2017 चा खरीप होता. मी तेव्हा दहावीत होते आणि गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला होता. आधी डोमकळ्या दिसल्या. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली ती फुले, ठाऊक नसलेल्या माणसाला सुंदरच वाटतील अशी. मग बोंडांची पाळी आली. बोंड बाहेरून हिरवेगार, हाताला टणक लागे. बाबा ओसरीवर बसून अंगठ्याने एकेक बोंड फोडत होते, आणि प्रत्येकात पिवळी पडलेली, चिकटून बसलेली कापसाची कवडी आणि तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी अळी निघत होती. फोडलेली बोंडे ते फेकत नव्हते, ओळीने मांडून ठेवत होते. आईने दोनदा जेवायला बोलावले. एक तरी साफ निघावे म्हणून ते फोडत होते, हे मला दिव्याची वेळ झाल्यावर कळले.

हे मी चाळीस वह्यांना सांगावे, अशी अपेक्षा होती. मी म्हणाले, “मला ही कादंबरी आवडली नाही. ती फार लांबते आणि तिच्यात तेच ते येते.” एवढे बोलून मी जागेवर जाऊन बसले. मागच्या बाकावरून कोणीतरी हळू आवाजात म्हणाले, “हिला तरी आवडायला पाहिजे होती.” त्या दिवसापासून ‘बारोमास न आवडलेली मुलगी’ अशी माझी ओळख झाली.

वर्गात मी बोललेले ते वाक्य खोटे होते. तेच ते येते हे खरे, पण आमच्या घरातही तेच ते येते, आणि ज्या लेखकाने ते टाळले नाही त्याला मी वर्गासमोर दोष दिला. त्याबद्दल मला लाज वाटते.

‘रणांगण’ त्याच महिन्यात, केवळ बारीक पुस्तक आहे म्हणून, हाती घेतले. 1939 सालची ही कादंबरी युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजावर घडते. जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू त्या जहाजावर आहेत. चक्रधर आणि हेर्टा यांच्या वाट्याला प्रवास असेल तेवढाच काळ येतो. मुंबईला तो उतरतो, ती जहाजावर राहते. खोलीतला दिवा मालवलेला होता म्हणून मी व्हरांड्यात बसून वाचत होते, आणि शेवटची पाने वाचताना पुस्तक हातभर लांब धरावे लागले, इतके रडू आले. तिथे मला कोणी “तुमच्याकडे हे रोजचेच असेल” म्हणणार नव्हते. त्या रडण्याचा जाब कोणाला द्यायचा नव्हता. यालाच तुम्ही पळवाट म्हणता. मी त्याला मोकळीक म्हणत असे. आता दोन्ही शब्द वापरताना मी अडखळते.

कारण जवळचे पुस्तकात वाचायला नको वाटते, हे माझे म्हणणे माझ्याच वाचनाने खोटे पाडले आहे. ‘बनगरवाडी’ मी आठवीत वाचली. तिच्यात दुष्काळाने अख्खे गाव उठते, आणि तरी ते पुस्तक मला अंगावरच्या गोधडीसारखे वाटत आले. यावर मी मनाशी उत्तर शोधले की तिथला मास्तर बाहेरून आलेला आहे, तो जाऊ शकतो, म्हणून वाचकालाही जाता येते. हे उत्तर मला फार पटले होते. पण मग ‘कोसला’मधल्या मनीचे काय? देवीच्या रोगाने गेलेली ती धाकटी बहीण नायक पांडुरंगच्या घरातलीच आहे, तिथून कोणाला कुठे जाता येत नाही, आणि ती पाने मी एसटीत बसून लागोपाठ दोनदा वाचली. म्हणजे माझा सिद्धांत तिथेही टिकत नाही.

मग राहते ते एवढेच. ज्या पानावर मी थांबले, त्या पानावर बोंडअळी नाही. तिथे एकनाथ आहे. माझा दादा डी.एड. आहे. 2017 च्या दिवाळीनंतर एका संस्थेला पैसे द्यायचे आणि तो शिक्षक म्हणून लागायचा, असे घरात ठरले होते. कापूस गेला आणि तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. पैसे देऊन नोकरी घेणे बरोबर होते असे मी म्हणत नाही, दादाही म्हणत नाही. पण तेव्हापासून पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळे तो बघतो, आणि कापूस विकला गेला की त्यातून माझ्या वसतिगृहाचे पैसे येतात. मी पुण्यात कादंबऱ्या वाचते ती त्या पैशांवर. एकनाथ वाचताना मला दादाच्या तोंडाकडे बघावे लागत होते, आणि घरी असते तेव्हा मी नेमके तेच टाळते.

या उन्हाळ्यात माझी प्रत घरी राहिली होती. दादाने ती आठ रात्रींत वाचून काढली. दिवसा वखरणी, रात्री पुस्तक. मी घाबरून वाट बघत होते. तो म्हणाला, “बरोबर लिवलं आहे त्यायनं. तुले काहून जड गेली?” त्याच्या आवाजात ना दुःख होते ना टोमणा, एखाद्या शेजाऱ्याने खरी साक्ष द्यावी तसा तो बोलला. ज्याच्यासाठी मी ते पुस्तक मिटले होते, त्याला त्यातले काही जड गेले नव्हते. मी परीक्षा होती असे सांगितले. “बरं,” म्हणून तो बैल सोडायला गेला.

ती प्रत आता इथे टेबलावर आहे. मी जिथे थांबले तिथे एसटीचे तिकीट अजून तसेच आहे, आणि त्याच्या पुढच्या पानांत दादाने पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, असे आई फोनवर म्हणाली. त्या मी अजून पाहिलेल्या नाहीत.