उजनीचे चार फेरे : शिंगट्याच्या मागावर

आठ वर्षं मुळशी आणि पवनेच्या काठावर गळ टाकत काढली. तिथला खडक न् खडक पाठ झालाय. म्हणून या हंगामात मुद्दाम अनोळखी पाणी घ्यायचं ठरवलं, आणि घेतलं ते थेट भीमेवरचं उजनी धरण. कुठे बसावं हे पाण्याकडे बघून अजिबात कळत नाही. भिगवणच्या बाजूला उभं राहिलं की समोर नुसता समुद्र. लक्ष्य मात्र ठरलेलं होतं: शिंगटा. कॅटफिशच्या कुळातला मासा, कोणी त्याला शिंगाळा म्हणतं. मिशा लांब, अंगाला खवलं नाही.

फेरा पहिला, फेब्रुवारी. मासेमारीच्या ठेकेदाराच्या माणसाला आधी भेटून गळाची परवानगी घेतली (हे केल्याशिवाय तिकडे बसू नका, रात्री तर मुळीच नाही). मग नवशिक्याची चूक केली. काठ जिथे सरळ खाली उतरतो, पाणी काळंशार दिसतं, तिथे दोन रॉड लावले. चिकनचं काळीज, चाळीस ग्रॅमचं शिसं, लांब फेक. नऊ तासांत अकरा चिलापी, तळव्याएवढ्या. त्याही काठालगत गांडुळावर, तिसऱ्या हलक्या काठीला. मोठे रॉड ढिम्म. कुंभारगावहून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला निघालेल्या बोटींतल्या दोघांनी आमचेच फोटो काढले.

संध्याकाळी एका रॉडला ओढ आली. जड, पण जीव नसल्यासारखी. वर आला तो सकर मासा. पाठीवर हाडाच्या ढाली, तोंड खाली, पोटावर नक्षी. सोबत्याने जाहीर केलं, ‘झाला की तुझा कॅटफिश!’ दुर्दैवाने बरोबर आहे, तोही त्याच कुळातला. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, घरातल्या काचेच्या टाक्यांतून आपल्या नद्यांत उतरलेला. तो परत पाण्यात सोडू नका. थाई मांगूर या दुसऱ्या परदेशी माशाचंही तसंच. त्यावर २००० पासून बंदी आहे, तरी तो अधूनमधून गळाला लागल्याचं ऐकतो.

गुंडाळत होतो तेव्हा शेजारून होडी गेली. आतल्या म्हाताऱ्या मामांनी विचारलं, ‘पावणं, हितं कुणी बसवलं तुमास्नी? खाली नुसता गाळ हाय. चिलापी बी थांबत न्हाय.’ कुठे बसावं म्हणून विचारलं तर हसले. ‘धरान व्हायच्या आदी हितं वढा हुता, त्यो हुडका.’

ते वाक्य आठवडाभर डोक्यात राहिलं. उजनी पूर्ण झालं १९८० मध्ये. म्हणजे खालची जमीन बुडून चाळीस-पंचेचाळीसच वर्षं झाली. ओढे, बांध, रस्ते, अख्खी गावं आहेत तिथे. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ते सगळ्यांना माहीत असतं, पण देवळाबरोबर ओढाही उघडा पडतो हे डोक्यात येत नाही. आता गुगल अर्थवर जुनी चित्रं बघता येतात. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात उजनी वजात गेलं होतं. त्या दोन वर्षांची मे महिन्याच्या आसपासची चित्रं काढली आणि थक्क झालो. मी जिथे बसलो होतो ते जुन्या पात्राच्या मधोमध होतं. तिथून साधारण सातशे मीटरवर एक ओढा वळण घेऊन भीमेला मिळत होता, काठावर बाभळींची रांग.

वजा म्हणजे काय, हे बाहेरच्यांसाठी: धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, जो टक्केवारीत धरत नाहीत; पाणी त्याच्याही खाली उतरलं की ‘वजा’. त्यामुळे बातमीत ‘उजनी शून्य टक्के’ आलं तरी निम्म्याहून अधिक पाणी असतंच. गळवाल्याने टक्केवारी बघायची ती मासा संपला का म्हणून नाही, काठ कुठे सरकला म्हणून.

फेरा दुसरा, मार्चचा पहिला आठवडा. आमिष लावलंच नाही. रिकामं शिसं फेकत होतो आणि तळ लागेपर्यंत मोजत होतो. काठाजवळ तीन, मग चार, चार, चार, आणि एका रेषेत एकदम नऊ. पुढे फेकलं की परत चार. हाच ओढा. ओढत आणताना हाताला वेगळं कळायचं: गाळात शिसं लोण्यातून येतं तसं येतं, कडेवर खडखडतं. दोन ठिकाणी अडकलं, म्हणजे बाभळीचे बुंधे अजून आहेत. तीन शिसं गेली. पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकली आणि घरी आलो. बायकोला ‘आज काय मिळालं’ याचं उत्तर देणं अवघड गेलं.

फेरा तिसरा, मार्चअखेर. खुंटी आता पाण्यापासून अकरा पावलं लांब. दुपारी झोप काढली, पाचला मांडामांड केली. या वेळी काळीज नाही. तिथेच धरलेल्या चिलापीचे तुकडे, कातडीसकट, सर्कल हुकवर (टोक आत वळलेला गोल गळ). काळीज सुटून जातं, शिवणाच्या दोऱ्याने बांधलं तरी. एक रॉड ओढ्याच्या तळात, दुसरा वरच्या कडेवर, बुंध्यांपासून हातभर अलीकडे.

तळातला रॉड रात्रभर हलला नाही. माझा अंदाज असा: पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं, पाणी हिरवंगार असतं, आणि ऊन वाढलं की अशा पाण्यात खालच्या थरातला प्राणवायू आटतो. मासा दबून बसायला खोलात जाईल, पण खायला कडेवर येणार.

पावणेनऊला कडेवरच्या रॉडचं घुंगरू वाजलं. दोनदा, हलकंसं, शेळीने मान हलवावी तसं. मग काही नाही. हात शिवशिवत होते, पण सर्कल हुकला झटका दिला की घास तोंडातून निघून येतो. थांबलो. रॉड हळूच वाकायला लागला, वाकतच गेला. मग नुसतं रीळ फिरवलं.

शिंगटा उड्या मारत नाही. तळ धरतो, डोकं आपटतो, आणि प्रत्येक आपट दोरातून कोपरापर्यंत येते. दोनदा बुंध्यांकडे वळला. काठाला आला तेव्हा बॅटरीच्या उजेडात पहिल्यांदा मिशा दिसल्या, मग फावड्यासारखं चपटं तोंड, मग शेपटीजवळच्या मऊ परावरचा काळा ठिपका. दोन किलो तीनशे ग्रॅम. गळ तोंडाच्या कोपऱ्यात, नेमका. आनंदाच्या भरात छातीच्या पराजवळ धरला आणि काटा अंगठ्यात गेला. त्या काट्याला मागे करवतीसारखे दात असतात, निघताना जास्त दुखतं. चिंधी ओली करून, पराच्या मागून धरायचं, हे मीच दहा जणांना शिकवलंय.

सोडून दिला. थोडा वेळ काठालगत श्वास घेत राहिला, मग मिशा मागे घेऊन गेला.

फेरा चौथा, एप्रिलचा मध्य. खुंटी कुठच्या कुठे. तीच कड आता चारऐवजी दोनच मोजते, आणि तिथे फक्त चिलापी. ओढ्याच्या कडेकडेने नदीकडे दोनशे पावलं सरकलो, जिथे पुन्हा चार भरले तिथे बसलो. दोन शिंगटे, दोन्ही किलोच्या आत, दोन्ही अंधार पडल्यावरच्या पहिल्या तासात. तिसरा बुंध्यात दोर तोडून गेला. तो मोठा होता असं म्हणणार नाही, तुटलेला मासा मोठाच असतो.

परतताना मामा भेटले. अंगठ्यावरची खूण बघून म्हणाले, ‘घावला म्हना की वढा.’

मे महिन्यात जाणार नाही. पावसाच्या आधीपासून नर गाळात खड्डा करून पिल्लांवर पहारा देतो, तेव्हा त्याला उचलणं मला पटत नाही. आता दसऱ्यानंतर. तोवर कोणाकडे इंदापूर बाजूच्या ओढ्यांची वजातली चित्रं असतील तर दाखवा, आणि बुंध्यात न अडकणारं शिसं कोणी घरी ओतलं असेल तर साचा कसला वापरला तेही सांगा. माझी सात गेलीत.